खाज नाही, तरी केस झडतायत: कुत्र्यांच्या हार्मोनच्या त्वचारोगांचा तपास कसा करावा

ठाण्यात कुत्र्याचे केस झडायला लागले की सल्ल्यांना तोटा नसतो. वॉचमन कडुनिंबाचा पाला उकळायला सांगतो, शेजारच्या काकू खोबरेल तेल सुचवतात, मेडिकलवाला एखादी ट्यूब पुढे करतो. हल्ली सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी छातीठोकपणे लिहितं, "थायरॉइड असणार, टेस्ट करून टाका." पहिल्यांदाच कुत्रा पाळलेल्या माणसाचा यात पार गोंधळ उडतो.

आपल्या दमट हवेत केस झडण्याची बहुतेक कारणं साधी असतात: गोचीड, पिसवा, बुरशी, खरूज, अ‍ॅलर्जी. हार्मोनचे आजार त्या मानाने कमी. पण ते असले, तर वरून कितीही शाम्पू चोळा, सगळा प्रकार आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून तपास क्रमाने करायचा. स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी, हार्मोनच्या महागड्या टेस्ट नंतर. सुरुवातीलाच थायरॉइडची टेस्ट करणं हा माझ्या मते पैशांचा अपव्यय आहेच, शिवाय त्यातून चुकीचं निदान गळ्यात पडू शकतं. ते कसं, ते पुढे येईलच.

पायरी १: खाज आधी आली की टक्कल?

त्वचेच्या तक्रारीसाठी गेलात की चांगला डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतो. पिसवा, खरूज, अ‍ॅलर्जी यांत कुत्रा आधी खाजवतो, चावतो, चाटतो आणि मग केस जातात. हार्मोनच्या आजारात केस मुकाट्याने जातात. मागाहून त्या जागी जंतूंचा किंवा यीस्टचा संसर्ग झाला की खाजही सुटते. त्यामुळे आज खाजवतोय म्हणून हार्मोन बाद, असं नाही. सुरुवात कशी झाली ते आठवा आणि घरातल्या सगळ्यांना विचारा.

मग दिवसाउजेडी, खिडकीजवळ कुत्र्याला उभं करा आणि हात उलटा फिरवत केस बाजूला करून बघा. हार्मोनचं टक्कल साधारण दोन्ही बाजूंना सारखं असतं: डाव्या बरगड्यांवर जितकं, तितकंच उजव्या. डोकं आणि पाय बहुधा शाबूत राहतात. मान, कुशी, मांड्यांचा मागचा भाग, शेपटी आणि पट्टा घासतो ती जागा आधी उघडी पडते. उघडी पडलेली कातडी काळी पडते, कधी जाड तर कधी कागदासारखी पातळ होते. वर्षातून दोनदा केस गळून घरभर होतात ती वेगळी गोष्ट, कारण त्यात चकत्या पडत नाहीत.

एक खूण सहज नजरेतून सुटते. सोनोग्राफीसाठी किंवा सलाइन लावण्यासाठी केस भादरले होते आणि तीन-चार महिने झाले तरी तिथे काहीच उगवलं नाही, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. केस वाढीच्या अवस्थेत जायला थायरॉइडचं हार्मोन लागतं. ते कमी पडलं की मुळं विश्रांतीतच राहतात. जुना केस पडतो, नवा येत नाही.

पायरी २: आठवडाभराची वही

मोबाइलमध्ये लिहा किंवा किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर, पण लिहा. वजन, भूक, झोप, लघवीला किती वेळा जावं लागतं, रात्री उठवतो का, एसीत बसूनही धापा टाकतो का, मादी असेल तर शेवटची हीट कधी आली. वजनासाठी कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा आणि मग स्वतःचं वजन वजा करा. लॅब्राडोर असेल तर दवाखान्यातला काटाच बरा.

यात पाण्याचा हिशेब सगळ्यात मोलाचा. सकाळी बाटलीने मोजून वाटी भरा, दिवसभर जितकं पाणी घालाल तितकं मांडत जा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजून वजा करा. असं सलग तीन दिवस. घरात दोन कुत्री असतील तर वाट्या वेगळ्या ठेवा, बाथरूमचं दार लावून घ्या आणि बादलीवर झाकण टाका. चोवीस तासांत किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जात असेल, म्हणजे १० किलोचा कुत्रा एक लिटरपेक्षा जास्त पीत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी थोडं वाढतं, पण इतकं नाही. नुसतं "हल्ली फार पाणी पितो" म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगितलात तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. अर्थात जास्त पाणी पिण्यामागे मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजारही असू शकतात, म्हणून डॉक्टरांकडे जायला थांबून राहू नका.

फोटो काढताना जागा तीच, उजेड तोच ठेवा. महिन्याभराने केस आले की नाही यावर घरात वाद होतो, तेव्हा फोटोच कामाला येतात.

पायरी ३: घरातला ड्रॉवर उघडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण आपल्याकडे हार्मोनचं त्वचेचं दुखणं बऱ्याचदा आपणच विकत आणलेलं असतं.

गजकर्णावर लावायच्या ज्या ट्यूब मेडिकलमध्ये बिनदिक्कत मिळतात, त्यांतली एखादी हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. एकीकडे बुरशीचं औषध, दुसरीकडे जंतूंचं, आणि मध्ये क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन. ही दोन्ही जोरकस स्टिरॉइड आहेत. लावलं की दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, घरचे खूश. कुत्रा ते चाटतो, कातडीतूनही ते रक्तात जातं. हेच आठवडेच्या आठवडे चाललं की शरीरात स्टिरॉइडचा साठा बाहेरून भरत राहतो आणि कुत्र्याच्या स्वतःच्या, मूत्रपिंडांजवळच्या, स्टिरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम सोडतात. केस जातात, कातडी पातळ होते, पोट सुटतं, पाणी वाढतं. याला कुशिंग म्हणतात, आणि तोही औषधाने आलेला. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदू-शल्यविशारदाने १९३२ मध्ये माणसांतल्या ज्या आजाराचं वर्णन केलं, त्याच्यावरून हे नाव पडलं.

ट्यूब हा एकच मार्ग नाही. कानात घालायच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असतं. खाजेसाठी दर पावसाळ्यात दिलेलं "एक इंजेक्शन, महिनाभर आराम" हे बहुतेक वेळा दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइडच. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या एकदा डॉक्टरांनी लिहून दिल्या आणि मग घरच्यांनी आपल्या मनाने चालू ठेवल्या, हेही सर्रास दिसतं. स्टिरॉइड वाईट नाही. योग्य कारणासाठी, मोजून दिलं तर त्याच्यासारखं औषध नाही. पण काय दिलं, किती आणि किती दिवस, याची नोंद हवीच. इंजेक्शन दिलं की नाव फाइलवर लिहून मागा. "डॉक्टर, यात स्टिरॉइड आहे का?" हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

आता महत्त्वाचं: हे वाचून घाबरून गोळ्या एकदम बंद करू नका. झोपलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना जागं व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात उलट्या, जुलाब, अंगातलं त्राण जाणं आणि थेट कोसळणं, इथपर्यंत मजल जाऊ शकते. डोस टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच उतरवायचा.

घरात कोणी रजोनिवृत्तीसाठी हातावर चोळायचं इस्ट्रोजेन जेल वापरत असेल, तर तेही सांगा. कुत्रा तो हात चाटतो आणि त्याच्या अंगावर परिणाम दिसू लागतात. सांगायला संकोच वाटतो, पण माहीत नसलं तर डॉक्टर नको तिथे शोधत बसतात.

पायरी ४: पहिली भेट, साध्या तपासण्या

जायच्या आधी तीन-चार दिवस आंघोळ, तेल, पावडर बंद. तेलाने माखलेल्या कातडीवरून नमुना काय घेणार?

या भेटीत कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचे किडे बघतात, चिकटपट्टी लावून यीस्ट आणि जंतू बघतात, काही केस उपटून त्यांची मुळं तपासतात, बुरशीचा संशय असेल तर कल्चर लावतात. बऱ्याच कुत्र्यांचा प्रश्न इथेच सुटतो. दोन प्रसंगी मात्र पुढे जावं लागतं. एक, हे सगळं स्वच्छ निघालं तर. दोन, वयस्क कुत्र्याला अचानक डेमोडेक्स नावाच्या किड्यांची खरूज झाली, किंवा जंतुसंसर्ग औषधाने बरा होऊन पुन्हा पुन्हा उलटत असेल तर. मोठ्या वयात हे किडे माजतात तेव्हा प्रतिकारशक्ती खाली का आली हे शोधावं लागतं, आणि तिथे हार्मोनचं नाव येतं.

सोबत रक्ताची साधी तपासणी होते. कोलेस्टेरॉल वाढलेलं आणि हिमोग्लोबिन जरा कमी असेल तर थायरॉइडचा संशय बळावतो. यकृताच्या तपासणीत एएलपी हे एन्झाइम खूप वाढलेलं असेल तर कुशिंगचा. दोन्ही नुसते इशारे आहेत.

पायरी ५: हार्मोनची टेस्ट, पण योग्य वेळी

थायरॉइड कमी असणं हा मध्यमवयीन कुत्र्यांचा आजार. गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, बॉक्सर, कॉकर, बीगल या जातींत जास्त दिसतो, पण देशी कुत्र्याला होतच नाही असं नाही. कुत्रा सुस्तावतो, खाणं तेवढंच असून वजन वाढतं, शेपटीचे केस जाऊन ती उंदराच्या शेपटीसारखी होते, चेहऱ्याची कातडी लोंबून तो कायम रडवेला दिसतो. "वय झालं त्याचं," असं म्हणून घरचे सोडून देतात. सहा-सात वर्षांचा लॅब म्हातारा नसतो.

टेस्टमध्ये टी-फोर (थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) आणि टीएसएच (त्या ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) मोजतात. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला म्हणजे लॅब. कोपऱ्यावरच्या माणसांच्या पॅथॉलॉजीत रक्त देऊ नका. माणसाच्या टी-फोरची पातळी साधारण ४.५ ते १२ मायक्रोग्रॅम असते, कुत्र्याची १ ते ४ च्या आसपास. म्हणजे धडधाकट कुत्र्याच्या रिपोर्टवरही "लो" असा शिक्का बसतो. टीएसएचसाठी तर कुत्र्यांचीच वेगळी चाचणी लागते. नमुना पशुवैद्यकीय लॅबलाच गेला पाहिजे.

दुसरा खड्डा आपल्या भागात फार मोठा: टिक फीव्हर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप. येऊरच्या पायथ्याशी फिरवा नाहीतर खारघरच्या टेकडीवर, पावसाच्या आगेमागे गोचीड लागतेच. टिक फीव्हर असो वा दुसरा कुठलाही मोठा आजार, शरीर टी-फोर आपणहून खाली आणतं. ग्रंथी मात्र ठणठणीत असते. स्टिरॉइड, फिटची फेनोबार्बिटोन आणि सल्फा गटातली औषधं हाही आकडा पाडतात. म्हणून आधी तो आजार बरा करा, डॉक्टर सांगतील ती औषधं त्यांच्या सांगण्यानेच सुटू द्या, सांगतील तितके आठवडे थांबा आणि मग टेस्ट करा. घाईने काढलेल्या एका टी-फोरवर आयुष्यभराची गोळी सुरू झालेली कुत्री आहेत.

तिसरा, एकाच आकड्यावर विसंबणं. टी-फोर कमी आणि टीएसएच जास्त आलं, सोबत लक्षणंही जुळली, तर निदान पक्कं. पण खरोखर आजारी असलेल्या कुत्र्यांपैकी निदान पाव हिश्श्यात टीएसएच नॉर्मलच येतं. तेव्हा डॉक्टर फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं टी-फोर, मोजायला सांगतील. ग्रेहाउंड, सालुकी अशा सडसडीत शिकारी जातींचा टी-फोर मुळातच कमी असतो. आपला कारवानी त्याच घडणीचा, तेव्हा कारवानी पाळणाऱ्यांनी ही आठवण करून द्यावी.

कुशिंगची गोष्ट निराळी. औषधाने न आलेला, आपसूक झालेला कुशिंग १०० पैकी ८०-८५ कुत्र्यांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे होतो, उरलेल्यांत अ‍ॅड्रिनलच्या गाठीमुळे. पूडल, डाक्सहुंड, बीगल, बॉक्सर, टेरिअर यांत, आणि उतारवयात जास्त. खा-खा सुटते, पाणी वाढतं, रात्री घरात लघवी होते, पोट खाली लोंबतं. पोटाची कातडी इतकी पातळ होते की निळ्या शिरा दिसतात, तिच्यावर काळे बारीक ठिपके उठतात. कधी पाठीवर चुन्यासारखे टणक खडे होतात. भूक उत्तम असल्यामुळे घरच्यांना कुत्रा आजारी वाटतच नाही.

यासाठी बऱ्याचदा डेक्सामेथासोनची टेस्ट करतात: सकाळी रक्त, मग थोडं इंजेक्शन, मग चार आणि आठ तासांनी पुन्हा रक्त. वेळा पाळाव्या लागतात, म्हणून घोडबंदर रोडवर राहत असाल तर दवाखाना कापूरबावडीच्या ट्रॅफिकच्या अलीकडचा की पलीकडचा हाही वैद्यकीय प्रश्न होऊन बसतो. शक्य असेल तर कुत्र्याला दिवसभर तिथेच ठेवा आणि आदल्या दिवशी भुंकाभुंकी, धावपळ टाळा, कारण ताणाने कॉर्टिसॉल, म्हणजे या टेस्टमध्ये मोजतात ते हार्मोन, वाढतं. काही डॉक्टर आधी सकाळची पहिली लघवी मागतात. ती घरीच, शांतपणे, जुन्या स्टीलच्या पळीत धरायची. दवाखान्याच्या फेरीनंतर लगेच धरलेली उपयोगाची नाही.

नर कुत्र्याच्या वृषणाची तपासणी घरच्या घरी, दोन बोटांनी होते. दोन गोळ्या लागल्या पाहिजेत. एक पोटात किंवा जांघेत अडकली असेल तर तिथे गाठ होण्याचा धोका कितीतरी पट वाढतो. त्यातली एक गाठ इस्ट्रोजेन बनवते. मग नराचे स्तनाग्र फुगतात, दुसरे नर त्याच्या मागे लागतात, केस जातात. लोक हसतात, पण त्याच इस्ट्रोजेनने अस्थिमज्जा बंद पडू शकते. उपाय ऑपरेशन. पिल्लू सहा महिन्यांचं झालं तरी दुसरी गोळी उतरली नसेल तर वाट बघू नका.

राहिला पॉमेरियनचा प्रश्न. दोन-तीन वर्षांचा गुबगुबीत पॉम, खेळतो, खातो, खाज नाही, सगळ्या टेस्ट नॉर्मल, आणि अंगावरचे केस जाऊन कातडी काळी. याला अ‍ॅलोपेशिया एक्स म्हणतात. चाऊ चाऊ, मॅलाम्यूट यांनाही होतो. कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. हा दिसण्याचा प्रश्न आहे, जिवाचा नाही. नसबंदीनंतर काहींचे केस परत येतात, काहींना मेलाटोनिनने फरक पडतो. माणसांच्या मेलाटोनिन गमीज मात्र देऊ नका. त्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असू शकतं आणि ते कुत्र्यांना विष आहे. इथे जोरदार औषधांच्या मागे लागणाऱ्यांशी माझं जमत नाही. टकला पण आनंदी पॉम पुरेसा असतो.

उन्हाळ्यात पॉम आणि हस्कीला "झिरो कट" मारायची जी फॅशन आली आहे, तिच्यानेही हे घडतं. दाट दुहेरी केसांच्या जातींत मशीन फिरवलेल्या जागी केस कधी कधी वर्षभर येत नाहीत. ग्रूमरला स्पष्ट सांगा: विंचरा, गुंता काढा, मशीन नको.

पायरी ६: पुढे कुठे न्यायचं

साध्या तपासण्या जवळच्या दवाखान्यातच कराव्यात. गुंतागुंत असेल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. ठाण्याहून जाताना लक्षात ठेवा, रिक्षा शीवच्या पुढे मुंबईत जात नाही. पनवेल-उलव्याकडून अटल सेतूने शिवडीला उतरलात की परळ जवळ, पण त्या पुलावर रिक्षा आणि दुचाकी दोन्ही चालत नाहीत. गाडीची सोय आधी करा. जुने रिपोर्ट, वही, फोटो आणि त्या ड्रॉवरमधल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून न्या.

पायरी ७: औषध सुरू झाल्यावर

थायरॉइडची गोळी तीच, माणसांची लेव्होथायरॉक्सिन, पण डोस बघून मेडिकलवाला चष्म्यावरून बघतो: "अहो, शून्य जास्त पडलाय का?" पडलेला नसतो. कुत्र्यांत सुरुवातीचा डोस किलोमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम असतो. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एका वेळी ४००. माणसाला अख्ख्या दिवसाला बऱ्याचदा ५० ते १०० पुरतात. कुत्र्याच्या आतड्यातून गोळी कमी शोषली जाते आणि शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून हा फरक. आकडा सांगितला तो घाबरू नये म्हणून, स्वतः डोस ठरवायला नाही. चिठ्ठीवर कुत्र्याचं नाव आणि वजन लिहून घ्या. गोळी शक्यतो रिकाम्या पोटी आणि रोज त्याच वेळी द्या. चार ते आठ आठवड्यांनी, गोळी दिल्यावर ४ ते ६ तासांनी रक्त देऊन डोस जुळवतात. तोवर कुत्रा अस्वस्थ झाला, धापा टाकू लागला, भराभर वजन उतरलं तर डोस जास्त होत असेल. कळवा.

कुशिंगसाठी ट्रायलोस्टेन देतात, ते जेवणाबरोबर. प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून संपायच्या आठ-दहा दिवस आधीच सांगून ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर तिने कॅप्सूलला हात लावू नये. उलटी, जुलाब, खाणं सोडणं, पाय लटपटणं यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुशिंगच्या कुत्र्याने जेवण नाकारणं ही कधीच किरकोळ गोष्ट नसते.

दरम्यान कातडीवरचा संसर्ग वेगळा बरा करावा लागतो. क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवा, मग धुवा. जुलै-ऑगस्टमध्ये अंग पूर्ण कोरडं करा, काखा आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. गोचिडांचं औषध चुकवू नका.

थायरॉइडच्या गोळीने पहिल्या दोन आठवड्यांत कुत्रा तरतरीत होतो. केसांना दोन ते चार महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. मधेच एकदा जुने मेलेले केस भसाभसा गळतात आणि टक्कल आधीपेक्षा वाढलेलं दिसतं. नेमक्या याच वेळी लोक गोळी बंद करतात किंवा डॉक्टर बदलतात. बंद करू नका. नवे केस वर यायला लागले की जुने ढकलले जातात, म्हणून हे होतं. टक्कल पडलेल्या जागेवरून हात फिरवून बघा, बारीक खुंट हाताला लागतील. नाहीच लागले, तर रक्ताच्या ठरलेल्या तारखेला फोटो घेऊन जा.